निनावी मूठ

१

हितूच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा मी कानबाईला एक नवस बोलले होते. सोनं नाही, साडी नाही. हात जोडून एवढंच म्हटलं, "माय, माझ्या घरात एक मूठ वाढू दे."

ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांना हे नीट सांगायला हवं. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते. नारळाला डोळे, नथ, लुगडं, की झाली आई तयार. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू काढायचे. ते दळून केलेले रोट घरच्यांनीच संपवायचे. शेजारी द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. पौर्णिमेच्या आत शेवटचा घास घरातच खपला पाहिजे. परक्याच्या पोटात रोट गेला तर तो परका राहत नाही, असं म्हणतात.

नवस बोलल्यापासून मी दर श्रावणात सव्वा मूठ जास्त घालायला लागले. येणाऱ्याच्या नावाची. नाव अजून नव्हतं, म्हणून निनावी. त्याचा रोट वेगळा, लहानसा थापायचे आणि मीच खायचे. सासूबाई, प्रमिलाबाई, तेव्हा होत्या. त्यांना हे पटलं नव्हतं.

"जेले नाव नही, तेनी मूठ घालू नको," त्या म्हणाल्या होत्या. "कोन यी, काय माहीत."

मी म्हटलं, कोणीही येवो. मुलगा येवो, मुलगी येवो. आलं म्हणजे झालं.

२

"अक्का, एवढंच करायचं," असं म्हणून मेघा पुढे अर्धा तास बोलत राहिली.

मेघा आमची शेजारीण. धुळ्याच्या देवपुरात आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच आहे. गेल्या श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या म्हणून ती आणि तिचा नवरा स्वप्नील केरळला निघाले होते. दारात गाडी चालू, स्वप्नील हॉर्न वाजवतोय, आणि ही माझ्या पुढच्या खोलीत काचेची पेटी कवेत घेऊन उभी. पेटीत नारळाचा भुसा, पाण्याच्या दोन वाट्या आणि काही शंख.

"अगं, शंख चालतोय!"

"शंख नाही हो, आत खेकडा आहे. त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, स्वतःचं घर नसतं. कोणाचं रिकामं मिळालं की त्यात शिरतो."

"म्हणजे भाडेकरू!" आतून आमच्या यजमानांनी आवाज दिला. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते पेपराआडून सगळ्या जगाशी बोलतात.

"नाना, भाडं नाही देत ते," मेघा हसली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. एका वाटीत गोडं पाणी, एकीत मिठाचं. नळाचं नको, जारचं. स्पंज ओला हवा, भुसा वाळता कामा नये. झाकणावर वजन ठेवायचं, कारण ते पळतात. खायला हे पाकीट.

"आणि हा रिकामा शंख पेटीतच राहू द्या, अक्का. मोठा आहे ना, तो अजून वाढतोय. दुसरं घर तयार असल्याशिवाय ते पहिलं सोडत नाहीत."

"आणि नसलंच तर?"

"मग दुसऱ्याच्या घरावर डोळा. आतल्याला ओढून काढतात आणि आपण शिरतात." तिने हसत डोळे मोठे केले. "पण आपण त्यांना ओढायचं नाही हं. घाबरला की आत जातो आणि डावी नांगी दारात आडवी लावतो, अडसर लावल्यासारखी. तुटेल, पण घर सोडणार नाही. कधी शंखच फुटतो."

हॉर्न वाजला. ती गेली. पेटी माझ्या हातात.

३

ओट्यावर ती नको होती. अंगणात ऊन. शेवटी बोळात ठेवली. आमच्या घरात एक अंधारा बोळ आहे. एका बाजूला देवघर, समोर सुनेच्या खोलीचं दार.

सून म्हणजे दिपमाला. रावेरकडच्या केळीवाल्यांची लेक, लहानपणीच आईला पारखी झालेली. मला "आई" म्हणते तेव्हा त्या शब्दात काही उसनं नसतं. हितू, म्हणजे माझा मुलगा हितेंद्र, जळगावला नोकरीला, शनिवारी येतो. बाकीचे दिवस आम्ही दोघी आणि पेपर.

पाकीट उघडलं तर आत सुकट. श्रावणात! कानबाई चार दिवसांवर आली आणि माझ्या घरात सुकटीचा वास! मी ते पाकीट पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा गच्चीवर ठेवला. मेघाला फोन लावला तर लागेना. संध्याकाळी तिचा आवाज आला, मागे समुद्र: "काही हरकत नाही अक्का, केळं द्या, पोळीचा तुकडा द्या, काहीही खातात. पण शंख ठेवलाय ना?"

शंख मी ठेवला नव्हता. शंख म्हणजे लक्ष्मीचा भाऊ. तो खेकड्यांच्या भुशात लोळवायचा? गोमूत्राने धुऊन मी तो देवघरात ठेवला होता. हे मेघाला सांगितलं नाही. उगाच वाद कशाला?

आणि वादाला वेळ तरी कुठे होता? उठलं की भुशावर पाणी मार. स्पंज पिळ. मिठाची वाटी कुठली, गोडी कुठली, रोज घोटाळा. नळाला पाणी नाही, आणि मी जारचं पाणी खेकड्यांना पाजतेय!

"माझ्याच घरात मला पाणी प्यायची चोरी," यजमान म्हणाले. "आज त्यांनी आंघोळ केली का? मग मी करू का?"

सगळ्यात मोठ्याचं नाव त्यांनी मगन ठेवलं होतं. तो काचेला लागून तासन् तास दिपमालाच्या दाराकडे तोंड करून बसायचा. "बघ कसा मगन झालाय," म्हणून ते हसायचे.

मेघाचे निरोप चालूच. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा. तिकडे ती नावेत बसलेली, इकडे मी गुडघे धरून काचेसमोर. माणसं सुट्टीला जातात आणि आपली काळजी शेजारी ठेवून जातात, हे मला त्या दिवसांत कळलं.

४

कानबाई बसली, जागली, गेली. रोट झाले, गंगाफळाची भाजी झाली, खीर झाली. निनावी मूठ मी घातली होतीच. हितू सोमवारी पहाटे जळगावला गेला. नंतरचा आठवडाभर आम्ही रोट संपवत राहिलो.

त्या वर्षी पौर्णिमा पुढच्या सोमवारी आली. आणि माझे सोळा सोमवार चालू होते, तेही दिपमालासाठीच. रविवारी पाहुण्यांच्या गडबडीत निनावी रोट खायचा राहिला. सोमवारी लक्षात आलं तेव्हा माझ्या तोंडात अन्न घालायची सोय नव्हती. एका व्रताने दुसऱ्याचा घास अडवला.

"तुम्ही खा ना," मी यजमानांना म्हटलं.

"उद्या शुगर तपासायचीय माझी. तुझ्या देवीला रिपोर्ट दाखवू का?"

दिपमालाला देता येत नव्हता. ज्या पोरासाठी मूठ घातली त्याचा वाटा त्याच्याच आईने कसा खायचा? दुपार कलत आली. चंद्र उगवायच्या आत रोट घरात खपायला हवा होता. मी ताटली घेऊन बोळात उभी. आणि पेटीतून आवाज आला. खर्र. टक. काचेवर नांगी.

मी मनाशी म्हटलं, मुकी लेकरं आहेत. उपाशी आहेत. आणि आहेत तर घरातच, उंबऱ्याच्या आत.

रोट कुस्करून पेटीत घातला. झाकण लावलं, वर पितळी खलबत्ता ठेवला.

दिवेलागणीला पाहिलं तर भुशावर कणभरही नव्हता. बाकीचे आपापल्या शंखात दडून बसलेले. मगन तेवढा बाहेर. त्याने तोंड दिपमालाच्या दाराकडून फिरवून पहिल्यांदाच माझ्याकडे केलं होतं.

५

सकाळी झाडू घेऊन बोळात आले. खलबत्ता जागच्या जागी. झाकण जागच्या जागी. आणि दिपमालाच्या उंबऱ्याशी मगनचा शंख, रिकामा.

पडलेला नव्हता. भिंतीला लावून नीट ठेवलेला, तोंड बाहेरच्या बाजूला. घरात शिरताना आपण चपला काढून ठेवतो ना, तसा.

मी तो उचलला. आतून ओलसर, गार. मांजर असेल, मी म्हटलं. पण मांजराने खलबत्ता उचलून परत ठेवला? मग दिपमालाने काढला असेल. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्यांची भीती वाटते आई, मी कशाला हात लावू?" यजमानांना विचारलं तर म्हणाले, "मगन संन्यासी झाला, घर सोडून गेला." कोणी सरळ उत्तर देईल तर शपथ.

मी मोरीत शोधलं, कपाटामागे शोधलं, दिपमालाच्या पलंगाखाली टॉर्च मारला. मेघाचा व्हिडिओ कॉल आला तो उचलला नाही. तिने आणखी तीनदा केला. मला रडूच आलं. एवढं सांभाळलं, आणि शेवटी नाव ठेवायला जागा केलीच.

मेघा परत आली. बाहेरच्या कपड्यांतच कोपरापर्यंत हात घालून तिने भुसा उपसला. मी रिकामा शंख पुढे केला.

"उघडा फार वेळ जगत नाही तो," ती म्हणाली. "पण मेला असता तर घरभर वास सुटला असता. नक्की कुठेतरी शिरलाय, अक्का. बाटलीत, नळीत, कशातही. रिकामं असं काय होतं इथे?"

मी काही बोलायच्या आत समोरचं दार उघडलं. दिपमाला पदराने तोंड पुसत उभी होती.

"आई," ती म्हणाली, "सकाळपासून मळमळतंय."

६

पेढे मी स्वतः वाटले. मेघाच्या हातात पेढा ठेवला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या अक्का, मगनच्या बदल्यात भाचा मिळाला मला." सगळे हसले. मीही हसले.

डॉक्टरांच्या हिशोबाने दिवस कानबाईच्या आधीचे निघाले. म्हणजे रोटाचा, पेटीचा काही संबंधच नव्हता. ती गोष्ट मी देवघराच्या कडीसारखी घट्ट धरून ठेवली. मन घाबरलं की म्हणायचं, दिवस आधीचे आहेत.

दिपमालाला मिठाचं पाणी आवडायला लागलं. वाटीत घालून, जिभेने. बाजूला गोड्या पाण्याची वाटीही लागायची. खोली कोरडी झाली की तिला श्वास घेववेना. ओले पंचे दोरीवर टांगून ठेवायची. पलंग सोडून भिंतीच्या कोपऱ्यात, पाठ टेकून बसायची, आणि मी दार उघडलं की डावा हात पोटावर आडवा.

"डोहाळे म्हणजे डोहाळे," यजमान म्हणाले. "हितूच्या वेळी तू पांझरा नदीची माती खायचीस. मी काही म्हटलं?"

हितूला फोन केला. "आई, तुझे उपास कमी कर," तो म्हणाला. "डोक्यात जातात ते."

माझं मी कोणाला सांगायचं? बोळात उभी राहिले की दुपारच्या शांततेत तो आवाज यायचा. खर्र. टक. पेटी तर मेघाकडे कधीच परत गेली होती. भिंत एकच आहे, तिकडून येत असेल, असं म्हणून मी एकदा मेघाकडे जाऊन पाहिलं. तिचे सगळे खेकडे केव्हाच मेले होते. "हवा मानवली नाही," ती म्हणाली. पेटीत तिने मनीप्लांट लावला होता.

सोनोग्राफीला मी सोबत गेले. आत अंधार, पडद्यावर राखाडी पाऊस. डॉक्टरीणबाई चांगली होती, हसतमुख. तिने यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं.

"ठोके छान आहेत. पण लाजाळू आहे हं तुमचं बाळ," ती म्हणाली. "तोंड दाखवत नाहीये. डावा हात आडवा धरून बसलंय."

पुढच्या वेळी नेलं तेव्हाही तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही.

"असतात काही अशी," डॉक्टरीणबाई म्हणाली. पण या वेळी तिने यंत्र लवकर उचललं.

७

तारीख उलटली. वैशाख आला. धुळ्याचा वैशाख तुम्हाला माहीत असेल. लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो. त्या उन्हात दिपमालाचं अंग गार, ओलसर, माठासारखं. कळा नाहीत. काही नाही.

"आई, त्याला घाई नाही," ती म्हणते. आणि काल म्हणाली, "त्याला अडचण होतेय हो. पण जाणार कुठे?"

मी तो देवघरातला रिकामा शंख आणून तिच्या उशाशी ठेवला. तिने तो हातात घेतला, उलटा करून आत पाहिलं, आणि मायेने हसली. "लहान आहे," म्हणाली आणि परत दिला.

आज दुपारी तिला झोप लागली होती. मी पोटाला तेल लावायला बसले. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी, आत टांगलेल्या पंच्यांमधून थेंब. पदर बाजूला केला आणि तळवा टेकवला. मला वाटलं लाथ मारेल, हितू मारायचा तशी. मारली नाही. आत कोणीतरी दम धरल्यासारखं झालं. मग कातडीखालून एक जाड रेघ उठली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेली, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली.

दार ओढून घेतल्यासारखी.

आणि आवाज आला. टक.

मी हात काढला. दिपमाला झोपेतच होती. तिचा चेहरा मी किती वेळ पाहत बसले कोण जाणे. माझी पोर तीच आहे, नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच. पण शंख बाहेरून नेहमी तोच दिसतो ना? आत कोण आहे त्यावरून तो बदलत नाही.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, "किती वाट पाहायची? काढून घेऊ बाहेर." हितूने सही केली. मी त्याचा हात धरला, म्हटलं ओढू नका रे, ओढल्याने तो सोडणार नाही, माझी दिपमाला फुटेल. तो माझ्याकडे असं बघत राहिला, जसं आपण परक्या गावात वेड्या बाईकडे बघतो. यजमानांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही जे कोणी हे वाचता आहात, तुमच्याशी माझी ओळख नाही, पण तुमच्या घरी आज पोळ्या होणारच आहेत. श्रावणाची वाट पाहायला वेळ नाही. कानबाई समजून घेईल, ती माय आहे.

मी घातली तशी मूठ तुम्हीही घाला. कणीक घ्याल तेव्हा सव्वा मूठ जास्त. कोणाचं नाव घेऊ नका. तिची पोळी वेगळी करा, घरच्या कोणी खाऊ नका, उंबऱ्याच्या आत ठेवा. सकाळी ती तिथे नसली तर शोधू नका, आणि दाराशी काही ठेवलेलं दिसलं तर हलवू नका. वाईट काही होणार नाही हो. इतके दिवस आमच्यात राहिला, कोणाला ओरखडा काढला नाही. कोणास ठाऊक, तुमच्याकडेही कोणीतरी पाळण्याची वाट पाहत असेल. तिची ओटी भरेल आणि माझी दिपमाला मला परत मिळेल. त्याला फक्त दुसरं घर तयार दिसायला हवं, मग तो आपणहून सोडतो.

एवढं कराच. आणि मूठ भरताना हात आखडू नका. तो आता मोठा झाला आहे.